एक्केचाळीस विहिरी आणि तीन पेट्या

मार्चच्या शेवटी सहा दिवस नगर जिल्ह्यात हिंडून आले. नाव आता अहिल्यानगर झालंय, पाट्यांवरही तसंच आहे, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं आणि तिथल्या लोकांच्याही. परतल्यावर जो तो विचारत होता, शिर्डी केलीस का, शिंगणापूर केलंस का. दोन्ही केलं नाही. भुईकोट किल्ला पाहिला तोही बाहेरून, सिग्नलला गाडी थांबली म्हणून. मी गेले होते एका हार्ड डिस्कसाठी. प्रवासवर्णनाला हे कारण फारसं शोभत नाही, मान्य आहे.

फोन आला होता हिराआक्कांचा. आक्का अडुसष्ट वर्षांच्या, नगरपासून तासाभरावरच्या एका कोरडवाहू गावात राहतात. गावाचं नाव लिहू का विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला, पानी लिवा." तेव्हा नाव लिहीत नाही. आक्कांचं काम असं: गावातल्या एक्केचाळीस विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजायचं. गवंड्याचा ओळंबा, त्याला नायलॉनची दोरी आणि दोरीला फुटाफुटावर बांधलेल्या लुगड्याच्या चिंध्या. ओळंबा पाण्याला टेकला की दोरी सैल पडते, मग चिंध्या मोजायच्या आणि वहीत लिहायचं. अमावास्येला गावात औत जुंपत नाहीत, बायामाणसं मोकळी असतात, म्हणून मोजणी अमावास्येला. हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं, कुणी सांगितलं नव्हतं तेव्हापासून.

आठ वर्षांपूर्वी मी त्यांच्या वह्या स्कॅन करून दिल्या होत्या. मी पुण्यात आयुष्यभर मोठ्या मोठ्या कंपन्यांची मशीन सांभाळली. डेटा कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा, यावर नव्या मुलांना व्याख्यानं दिली. त्या वेळी सुट्टीत जाऊन हौसेने चार दिवस स्कॅनिंग केलं, सगळं एका डिस्कवर भरलं, डिस्क ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली आणि निघताना आक्कांना म्हणाले, "आता काळजी करू नका. काँप्युटरमध्ये गेलं सगळं."

आणि आता फोनवर आक्का म्हणाल्या, "ताई, त्या डबीत कायतरी टकटक वाजतंय. पाल हाय का बघितलं. न्हाई पाल."

मी म्हणाले, तार काढून ठेवा, हात लावू नका, मी येते. आणि घाबरू नका, वह्या आहेतच, पुन्हा स्कॅन करू. मग त्या म्हणाल्या, "या तर मंग."

आक्कांचं गाव, गुरुवार

हिवरे बाजार इथून फार लांब नाही. त्या गावाचं पाहून आजूबाजूच्या गावांनीही टेकड्यांवर चर खणले, बोअर न घेण्याचे ठराव केले, काहींनी पाळले, काहींनी नाही. आक्कांच्या गावाने बऱ्यापैकी पाळले. फाल्गुन सरत आलेला, टेकडीवरचं गवत वाळून पांढुरकं झालेलं, पण गावाखालच्या पट्ट्यात कांदा अजून हिरवा होता. पुण्याहून इथे येईपर्यंत माझी पाण्याची बाटली दोनदा भरून झाली होती आणि एकदाही मला ते पाणी कुठून आलं याचा विचार शिवला नव्हता. इथे पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतात आणि अर्धा टाकला तर बघतात.

जेवायला शेंगोळं होतं. हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या लसणाच्या झणझणीत पाण्यात शिजवलेल्या, वर बाजरीची भाकरी. मी दोनदा घेतलं. नाकातून पाणी येत असताना तिसऱ्यांदा नको म्हणाले आणि हात धुऊन विचारलं, "वह्या कुठे आहेत आक्का? उद्या सकाळीच लागू कामाला."

"वह्या तळ्यात हायेत," आक्का म्हणाल्या.

मला वाटलं, तळ्याजवळच्या कुठल्या खोलीत असतील. आक्कांनी शांतपणे सांगितलं. मी गेल्यावर दिवाळीत पंचायतीची रंगरंगोटी निघाली, कपाट रिकामं करायचं होतं. "रद्दीवाल्याला द्यायला जीव झाला न्हाई. अन् अक्षर जाळत्यात व्हय? म्हनून हळदकुकू वाहिलं, नारळ फोडला, अन् पाझर तलावात सोडल्या. पान्याच्या वह्या पान्यात. तुमीच म्हनला हुता, आता काळजी न्हाई."

मी म्हणाले होते. शब्द न् शब्द माझाच होता. एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखीच, हे मी किती मुलांना शिकवलं असेल. इंटरनेटवरच्या एका फुकट खात्यातही मी तेव्हा सगळं चढवलं होतं, म्हणजे दोन प्रती झाल्या अशी माझी समजूत. त्या खात्याचा पासवर्ड पंचायतीच्या ऑपरेटरकडे होता. तो नोकरी बदलून गेला, त्याचा मोबाइल नंबर बदलला आणि खातं कधीच बंद पडलं. म्हणजे वह्यांतली अठरा वर्षांची मोजणी, आणि नंतर पंचायतीत थेट डिस्कवरच भरलेल्या दरमहाच्या नोंदीही, आता त्या टकटकणाऱ्या डबीत होत्या आणि जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

आक्का माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला.

शुक्रवार

मरू घातलेली डिस्क वाचायची एक रीत असते. आधी जे सहज वाचता येतं ते भराभर उचलायचं, अडलं तिथे थांबायचं नाही, पुढे जायचं. सगळं फिरून झालं की मग मागे राहिलेल्या खराब जागांकडे यायचं आणि एकेक पुन्हा पुन्हा वाचून बघायची. डिस्क तापू द्यायची नाही. आक्कांनी घरातला टेबलफॅन आणून ठेवला आणि स्वतः शेजारी बसल्या. टकटक सुरू झाली की पदर तोंडाला लावायच्या, थांबली की खाली घ्यायच्या. दवाखान्यात बसल्यासारखी आम्ही दोघी चार तास बसलो.

दुपारपर्यंत जवळजवळ सगळं उतरलं. एक फोल्डर मात्र उतरेना. एका वर्षाची वही, तिची स्कॅन केलेली पानं आणि त्यावरून टाइप केलेले आकडे, सगळं एकाच ठिकाणी होतं. मी सतरा वेळा वाचून बघितलं. अठराव्या वेळी डिस्कने टकटकही केली नाही, गप्प झाली ती झालीच.

"कोन्तं साल?" आक्कांनी विचारलं.

मी सांगितलं. मोठ्या दुष्काळाचं. टँकर यायचे, जनावरं छावणीवर गेली होती ते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतक्या वर्षांतलं जे एक वर्ष गावाला सगळ्यात जास्त लागेल, नेमकं तेच गेलं होतं.

मग मी मूर्खासारखं बोलले. म्हणाले, आधीच्या आणि नंतरच्या वर्षावरून अंदाज काढता येतो, मधली रेघ मशीन जोडून देईल. नाहीतर तुम्हाला आठवत असेल तर सांगा, मी लिहून घेते.

"आठिवतंय की. कोरडी, कोरडी, कोरडी. बारवंत तेवढं गुडघाभर." आक्का म्हणाल्या. "पर लिवू नका. मोजलं तवा लिवलं हुतं. आज मोजलेलं न्हाई, ते लिवायचं न्हाई. अन् रेघ बी जोडू नका. तिथं मोकळंच ऱ्हाऊ द्या."

तीन गावं, शनिवार

मी पुण्याहून तीन पेट्या आणल्या होत्या. पेट्या म्हणजे जुने छोटे काँप्युटर, प्रत्येकात दोन नव्या डिस्का आणि तासभर टिकणारी बॅटरी. तिन्हींवर एक फाइल-व्यवस्था बसवली होती, जी तिन्ही मशीन मिळून एकच कपाट असल्यासारखी वागते. तुम्ही त्यात वही ठेवली की ती वहीचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती करून तीन पेट्यांत ठेवते आणि कुठला तुकडा कुठे आहे याची सूची राखते. सूचीच्याही प्रती असतात. एक पेटी मेली तर उरलेल्या दोघींवरून व्यवस्था चालू राहते, आणि नवी पेटी जोडली की तिच्यात प्रती आपोआप भरल्या जातात. मोठ्या कंपन्यांत हे शेकडो मशीनवर चालतं, तेही एका खोलीत, जाड वेगवान तारांवर. मी ते गावोगावच्या इंटरनेटवर चालवणार म्हटल्यावर माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी नाक मुरडलं होतं. हळू चालेल, म्हणाले. विहिरीचं पाणी महिन्यातून एकदा मोजतात, हळू चाललेलं चालतं.

आक्कांनी एकच प्रश्न विचारला होता. "ह्ये कुनाच्या मालकीचं?"

कोणाच्याच नाही, मी म्हणाले. जगभरच्या लोकांनी लिहिलंय, कुणीही उघडून वाचावं, वापरावं, दुरुस्त करावं. फुकट आहे आणि उद्या कुणी उठून कुलूप लावू शकत नाही.

"गायरान म्हना की," आक्का म्हणाल्या. "मंग राखायला मानूस लागंल. गायरान राखलं न्हाई तर काटंच उगवत्यात."

पेट्या मी आधी, शुक्रवारी संध्याकाळीच, पंचायतीच्या खोलीत एका तारेवर जोडून भरल्या. एक तिथेच ठेवली, दुसरी टेकडीपलीकडच्या गावातल्या शाळेत, तिसरी ओढ्याकाठच्या गावातल्या सोसायटीत. तीन गावं, तीन छपरं. शनिवारी अकरा वाजता पंचायतीत पाचसहा सदस्य आणि बचतगटाच्या बाया जमल्या. मी हौसेने सगळं समजावलं आणि म्हणाले, आता यातली एक पेटी बंद पडली असं समजा, तरी बघा वही उघडते की नाही.

वही उघडेना. मी लॅपटॉपवर पाहिलं, तिन्ही पेट्या लाल. पंख्याकडे पाहिलं, तो थांबलेला. बाया एकमेकींकडे बघून हसत होत्या. मागच्या बाकावर खाकी पँटमधला एक माणूस बसला होता, भानुदास वायरमन. तो लाइनचं काम आटोपून सावलीला आला होता.

"मॅडम, आज शनिवार," तो म्हणाला. "शनिवारी लाइनीचं काम असतं. सकाळी नवापासनं बंद हाय."

"पण तिन्ही गावांत?"

"गावं तीन, तार एकच हाय. ह्या तिन्ही गावांला एकाच सबस्टेशनातनं लाइन येती. वादळानं तार तुटली, तरी तिन्ही संगंच गप." त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली. "आमाला विचारलं असतं तर सांगितलं असतं ना."

खरं होतं. मी अंतर नकाशावर मोजलं होतं. पुण्यात तार कुठून येते ते कुणाला ठाऊक नसतं, आणि इथे शेंबड्या पोरालाही ते पाठ असतं. माझ्या बॅटऱ्या तासाभरात दम सोडून बसल्या होत्या. मी ओशाळून लॅपटॉप मिटला. एक बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, चहा घ्या," आणि मी तो घेतला.

बाकीची मंडळी उठून गेल्यावर आक्का म्हणाल्या, "ताई, आमी बी कसं ठिवतो, बघितलंय का तुमी?"

त्यांनी मला घरी नेऊन एक मडकं दाखवलं. वर फडकं बांधलेलं, आत राखेत घोळलेली गावरान बाजरी. संकरित बियाणं दुकानात मिळतं, पण ही त्यांच्या सासूच्या वेळची आहे. हिचं बी कधी एका घरात ठेवायचं नाही. एक वाटा आपल्याकडे, एक बहिणीकडे सोनईला, एक लेकीकडे श्रीगोंद्याला. "शेजारच्या घरात ठिवून काय उपेग? हितं टोळ आली तर तिथं बी येनार. सोयरीक लांबची असती ती ह्याच्यासाठी बी असती." त्यांनी फडकं पुन्हा बांधलं. "बी जिथं जातं तिथंच पेट्या न्या की."

सोनई, रविवार

भानुदासने शेजारच्या गावांतून दोन्ही पेट्या मोटारसायकलवर आणून दिल्या. आम्ही त्या माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवल्या. आक्का त्यांच्याशेजारी बसल्या, एकीवर हात ठेवून. नगर सोडून उत्तरेला निघालं की जमीन हळूहळू काळी होत जाते, पाटाचं पाणी दिसू लागतं आणि आक्का बारीक डोळे करून बाहेर बघू लागतात. "हितं इहिरी मोजायची कुनाला गरज न्हाई," त्या म्हणाल्या. त्यात हेवा होता, आणि थोडी नापसंतीही.

सोनई मोठं गाव. बाजारपेठ, दुकानं, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या पाट्या. आक्कांची धाकटी बहीण मथाबाई बाजाराच्या मागच्या गल्लीत राहते, मुलाचं खतांचं दुकान आहे, घरात इंटरनेट आहे. मथाबाई मोठ्याने बोलतात आणि आक्का जितक्या तोलून मापून, तितक्याच त्या भडाभड.

"ह्यात काय हाय म्हनली आक्का?"

"इहिरीचं पानी."

"गळनार न्हाई ना फरशीवर?" म्हणून त्या स्वतःच हसत सुटल्या आणि देवघराशेजारच्या फळीवरून बरण्या उतरवून जागा करून दिली. त्याच फळीवर बाजरीचं गाडगं होतं. मी पेटी लावली, हिरवा दिवा लागला. मथाबाईंनी तिला हळदकुंकू लावलं. हवेच्या भोकात तेवढं घालू नका म्हणाले, ते त्यांनी ऐकलं.

मी विचारलं, ठेवलेलं बी तसंच राहतं का. दोघी बहिणींनी एकदमच मान हलवली.

"ठिवलं म्हंजी झालं व्हय?" मथाबाई म्हणाल्या. "टोके पडत्यात. दर म्हैन्याला उघडायचं, चाळायचं, ऊन दावायचं. अन् दरसाली थोडं पेरून नवं बी धरायचं. जुनं बी दिसाया चांगलं दिसतं, उगवत न्हाई."

माझ्या धंद्यात याला मोठमोठी नावं आहेत. डिस्कवर ठेवलेला तुकडा वर्षानुवर्षं कुणी वाचलाच नाही तर तो सडलेला कळत नाही. म्हणून दर काही दिवसांनी प्रत्येक तुकडा वाचून, ठेवताना नोंदवलेल्या मूळ खुणेशी ताडून पाहायचा, बिघडला असेल तर चांगल्या प्रतीवरून नवा करायचा, आणि डिस्का जुन्या व्हायच्या आत बदलायच्या. हे मी व्याख्यानांत शिकवत होते, आणि आक्कांच्या डबीतल्या जुन्या वह्या आठ वर्षं कुणी उघडून पाहिल्यासुद्धा नाहीत.

श्रीगोंदा, सोमवार

श्रीगोंद्याला उसाच्या ट्रॉल्या संपत आल्या होत्या. गाळप आटोपत आलं होतं आणि रस्त्याकडेला कोप्या मोडून ऊसतोडीची माणसं पूर्वेला आपापल्या गावी निघाली होती, टेम्पोवर भांडीकुंडी, वर शेळी. आक्का त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांचा धाकटा दीर पंधरा वर्षं तोडीला गेला. आक्कांच्या गावातही पूर्वी कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवराबायकोच्या जोड्या, उठायचे, आता उठत नाहीत, आणि त्यांच्या मते ते विहिरींमुळे.

लेक अनिता आणि जावई लिंबाच्या बागेत राहतात. अनिता पंचायत समितीत नोकरीला आहे, चटपटीत, आणि हा सगळा खटाटोप तिला फारसा पटलेला नव्हता. "आई, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवले असते तरी चाललं असतं," ती म्हणाली. जेवणात उसाच्या काकवीबरोबर भाकरी होती. मी पुण्याची असल्यामुळे काकवी पोळीबरोबर खायची असते असा माझा आग्रह, तो त्यांनी हसण्यावारी नेला.

अनिताला मी एक गोष्ट करून दाखवली. टाइप केलेले आकडे तिन्ही पेट्यांत होतेच. मी एक हिशेब सोडला: प्रत्येक विहीर दिवाळी ते होळी किती खाली जाते. आकडे एका जागी गोळा करायचे नाहीत, हिशेबच पेट्यांकडे पाठवायचा. प्रत्येक पेटी आपल्या वाटणीच्या विहिरी सोडवते आणि फक्त उत्तर परत देते. मळणीयंत्र शेतावर नेतात, शेत यंत्राकडे नेत नाहीत, तसंच हे. तिन्ही गावांच्या पेट्यांनी मिळून चहा होईपर्यंत उत्तर दिलं.

रेघा उमटल्या. माळावरच्या चार विहिरी दरवर्षी फाल्गुनातच आटतात, हे स्पष्ट दिसत होतं. आक्कांना त्यात काहीच नवीन नव्हतं. पण अनिता बराच वेळ बघत राहिली. मग तिने बोट ठेवलं, "इथं रेघ तुटलीय."

"त्या सालची वही गेली," आक्का म्हणाल्या.

अनिताने बोट तिथून उचललं. त्या वर्षी तिचं लग्न होतं, पाणी नाही म्हणून पुढे ढकललेलं, हे मला जावयाने नंतर सांगितलं. निघताना तिने पेटी कुठे ठेवायची ते स्वतः ठरवलं, बाजरीच्या डब्याच्या वरच्या खणात.

पुन्हा गावात, मंगळवार

पंचायतीत पुन्हा तीच मंडळी जमली. मागच्या बाकावर भानुदासही होता. या वेळी मी आधी त्याला विचारलं, आज लाइन आहे ना. "हाय, हाय, करा सुरू," तो म्हणाला, आणि बाया पुन्हा हसल्या.

मी लॅपटॉपवर सूची उघडली. पण पेटी बंद करायला मी हात पुढे केला तर आक्का उठल्या. "मी काढते." त्यांनी गावातल्या पेटीची पिन भिंतीतून उपसली, बॅटरीची तारही काढली. "आता माझं पयलं पान दावा."

दोन-तीन सेकंद काही झालं नाही. ते दोन-तीन सेकंद मला फार जड गेले. मग पडद्यावर पान आलं: पिवळट कागद, निळी शाई, मोठं मोठं शाळकरी अक्षर. बारव, अकरा फूट. देशमुखाची, चौदा. मारुतीमागली, एकोणीस. पानाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक वाळलेला ठिपका होता, तोही आलेला. बाया खुर्च्या पुढे ओढून बघायला लागल्या, आपापल्या सासऱ्यांच्या विहिरी शोधायला लागल्या.

आक्का तिथे थांबल्या नाहीत. "मथीला फोन लावा. तिचं बी काढा म्हनावं."

सोनईची पेटी बंद झाली. पान यायला थोडा जास्त वेळ लागला, पण आलं. आता एकट्या श्रीगोंद्यातून.

"अनिताचं बी काढा."

मी म्हणाले, मग नाही उघडणार आक्का.

"ठाव हाय. तरी काढा. बघू द्या सगळ्यांला."

अनिताने फोनवर हो म्हटलं, आणि पान आलं नाही. खोलीत सगळे रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. आक्का वळून म्हणाल्या, "दिसलं का? एक घर तरी जागं पायजे. न्हाईतर ह्यो डबा बी तळ्यात सोडल्यासारखाच."

त्यानंतर ठरलं ते मी सुचवलेलं नव्हतं. दर अमावास्येला विहिरी मोजून झाल्या की तिन्ही ठिकाणी पेटी बघायची, त्याच दिवशी बाजरीला ऊन दाखवायचं, आणि आक्कांना फोन करायचा. शिवाय एक वहीही पुन्हा सुरू करायची, शाईची. ती कितीही जुनी झाली तरी तळ्यात सोडायची नाही.

निघताना

गाडीत बॅग ठेवत होते तेव्हा आक्का एक लहानशी पिशवी घेऊन आल्या. जुन्या खणाची शिवलेली, आत राखेसकट बाजरी.

मी म्हणाले, आक्का, माझ्याकडे शेत नाही. चौथ्या मजल्यावर राहते मी.

"घर हाय ना?" त्या म्हणाल्या. "त्या सालची गोष्ट सांगते. वही गेली, आता कुठं लिवलेली न्हाई. तवा आमच्या घरातलं बी आमी दळून खाल्लं. पोरं उपाशी, बी काय बघत बसायचं. पुढल्या साली पेरायला मूठभर बाजरी मथीनं दिली, सोनईवरनं. ही त्याच बाजरीची." त्यांनी पिशवी माझ्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली. "तेवढंच हाय आता त्या सालचं. तुमच्याकडं बी एक वाटा असू द्या. आमची तिन्ही घरं गेली तर मागाया येईन."

ज्या बाईने माझ्या शब्दावर आपल्या वह्या पाण्यात सोडल्या, तीच आता उरलेलं मला सांभाळायला देत होती.

"बी दोन सालं टिकतं," आक्का म्हणाल्या. "मंग बदलाया यावं लागंल तुमाला."

परत येऊन आता दोन अमावास्या झाल्या. सकाळी मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून बाजरी उन्हात ठेवते, चिमण्यांमुळे शेजारी बसावं लागतं, आणि बसल्या बसल्या लॅपटॉपवर तिन्ही पेट्यांतला तुकडा न् तुकडा ताडून होतो. दुसऱ्या खेपेला सोनईतला एक तुकडा बिघडलेला निघाला, श्रीगोंद्यावरून भरून निघाला. संध्याकाळच्या आत आक्कांचा फोन येतो. एक्केचाळीस झाल्या, म्हणतात, पेट्या जाग्या हायेत का, बी हाय का.

पूर्वी अशा वेळी मी काळजी करू नका म्हणायचे. आता म्हणत नाही. म्हणते, "आक्का, आज बघितलं."